पहिल्या पाटाचा मान

श्रेष्ठ कोण, हा प्रश्न एकदां निघाला कीं शहाणा मनुष्यहि हातचें काम टाकून बसतो. पूर्वींच्या रसिकांनीं कवींची गणना करतांना करंगळीवर कालिदासाचें नांव घेतलें आणि त्याच्या तोडीचा दुसरा न सांपडल्यामुळें शेजारचें बोट अनामिकाच राहिलें, ही आख्यायिका ज्या घरांत कधीं सांगितली गेली नाहीं असें घर वाचकांत क्वचितच असेल. आणि ती संपतांच भवभूतीचा कोणी कैवारी उठून पानावरचा भात थंड करीत नाहीं, असें घर तर त्याहूनहि विरळा. गवयांचा क्रम, आंब्यांचा क्रम, नटांचा क्रम, फार काय, घरांतल्या सुनांच्या पुरणपोळ्यांचा क्रमहि आमच्याकडे केव्हांच लागून गेलेला आहे. तो मोठ्यानें वाचून दाखविण्याची मात्र कोणाची छाती होत नाहीं. अशा घरांतल्या मुलांनीं बंदुकांची क्रमवारी लावावयास घेतली, तर त्यांत नवल तें काय? आमच्या घरच्या भाषेंत प्रश्न असा कीं, शस्त्रांची पंगत बसली तर पहिला पाट कोणाचा? २०२० सालीं निघालेला हा वाद अजून मिटलेला नाहीं, आणि तो मिटूं नये असें वाटणाऱ्यांत आम्ही एक आहों.

या बंदुका अर्थात् खऱ्या नव्हेत. ज्या खेळांतल्या त्या आहेत तो 'पब्जी' ह्या तुटक नांवानें घरोघर ठाऊक आहे. ब्रेंडन ग्रीन नांवाच्या एका आयरिश गृहस्थानें तो रचला, दक्षिण कोरियांतील एका कंपनीनें २०१७ सालीं तो संगणकावर आणला, आणि २०१८ मध्यें तो मोबाइलवर येऊन मुलांच्या खिशांत शिरला. मूळ कल्पनेचें बीज जपानी आहे. कौशुन ताकामी यांच्या १९९९ सालच्या कादंबरींत, व तीवरून २००० सालीं निघालेल्या 'बॅटल रॉयल' ह्या चित्रपटांत, एका वर्गांतील विद्यार्थ्यांना बेटावर नेऊन सोडतात आणि शेवटचा एक उरेपर्यंत एकमेकांना मारावयास लावतात. कल्पना अघोरी खरी. परंतु द्यूतांत बायको हरण्याची कथा ज्यांनीं लहानपणीं मांडीवर बसून ऐकली, त्यांनीं जपानी लोकांस फार नांवें ठेवूं नयेत.

ज्या वडील मंडळींनीं हा खेळ केवळ बंद दारापलीकडून ऐकला असेल, त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. शंभर माणसें एका विमानांतून एका ओसाड बेटावर नेतात. सर्वांत जुनें बेट आठ किलोमीटर लांब व तितकेंच रुंद आहे. ज्याला जेथें वाटेल तेथें त्यानें हवाई छत्री घेऊन उडी टाकावयाची. उडी टाकतेवेळीं सर्वजण रिक्तहस्त असतात. खालीं घरें उघडीं पडलेलीं, राहणारीं माणसें नाहींशीं झालेलीं, आणि जमिनीवर बंदुका, काडतुसें, चिलखतें, मलमपट्ट्या ह्यांचा पसारा. सांपडेल तें उचलावें आणि जगावें. इतक्यांत बेटाभोंवतीं एक निळें वर्तुळ आवळूं लागतें. त्याच्या बाहेर जो राहील तो आपोआप झिजून मरतो, त्यामुळें कोपऱ्यांत लपून काळ काढण्याची सोय नाहीं. शेवटीं अंगणाएवढ्या जागेंत चार-दोन माणसें उरतात आणि त्यांतून एक, किंवा चौघांचा एक गट, जिवंत राहतो. जिंकणाऱ्यांस कोंबडीच्या जेवणाचें आश्वासन मिळतें. हा एवढा तपशील आमच्या मातोश्रींपासून अद्यापि लपवून ठेवण्यांत आलेला आहे.

आतां क्रमवारीची अडचण अशी. बुद्धिबळांत डाव मांडतांनाच दोघांपुढें सारखीं मोहरीं असतात; म्हणून वजीर नऊ प्याद्यांच्या मोलाचा, हत्ती पांचांच्या, घोडा व उंट तीन-तीनांचे, असा हिशेब पुस्तकांत छापतां येतो. येथें शस्त्र निवडावयाचें नसून सांपडावयाचें असतें. उत्तमोत्तम बंदूक शेजारच्या घरांत पडली असेल, पण तुमच्या पायांशीं जर गंजकें पिस्तूल आलें, तर पहिल्या मिनिटाला तेंच तुमचें गांडीव. दाराआड उभा राहून दुनळी बंदूक जिन्यावर रोखणारा मनुष्य त्या घटकेला अजिंक्य असतो. तोच उघड्या माळावर आला कीं ती दुनळी आणि हातांतली काठी ह्यांत फारसा फरक राहात नाहीं. तेव्हां उत्तम कोणतें असें विचारणाऱ्यानें कोणत्या घटकेला, किती अंतरावर, आणि कोणाच्या हातीं, हें आधीं सांगितलें पाहिजे. मुलें हें सांगत नाहींत, म्हणूनच त्यांचे वाद लांबतात.

आमच्या घरांतल्या वादाला एक पूर्वपीठिका आहे. जुना वाडा जाऊन त्या जागीं इमारत उभी राहिली, तरी आम्हां तिघां बंधूंचीं बिऱ्हाडें एकाच जिन्यावर आहेत आणि सणावारीं पंगत एकच बसते. थोरल्या बंधूंचा मुलगा २०१८ सालीं हातची चांगली नोकरी सोडून, वडिलांच्या मनाविरुद्ध, पुढील शिक्षणासाठीं जर्मनींत श्टुटगार्टला गेला. भांडण झालें नाहीं. आमच्या घरांत भांडणें होतच नाहींत. बोलणें कमी होतें. रविवारीं त्याचा फोन येई, तेव्हां बंधू 'जेवलास का, थंडी किती, पैसे पोहोंचले का' हे तीन प्रश्न विचारीत व उत्तराची पुरती वाट न पाहतां फोन वहिनींच्या हातीं देत. दीड वर्ष हाच क्रम चालला होता. त्यांत बदल करावा असें दोघांच्याहि मनांत असेल. परंतु अशा ठिकाणीं पहिला शब्द कोणता काढावा हेंच मोठें अवघड असतें.

मग २०२० च्या मार्चांत टाळेबंदी आली. शाळा-कॉलेजें मिटलीं. मधल्या बंधूंची कन्या, बंगलोरास अडकून पडलेला आमचा भाचा, आमचे चिरंजीव (वय वर्षें बारा) आणि श्टुटगार्टच्या खोलींत एकटा पडलेला थोरला पुतण्या, असा चौघांचा गट जमला. आमच्याकडे रात्रींचे दहा वाजत, तेव्हां तिकडे उन्हाळ्यांतले साडेसहा झालेले असत. दहा वाजले कीं दिवाणखान्याच्या कोपऱ्यांतून 'खाली बघ, उजवीकडे झाड', 'पट्ट्या दे', 'थांब, आलें मी' अशीं वाक्यें येऊं लागत. आम्ही वर्तमानपत्र पुढें धरून ऐकत असूं. तीन देशान्तरें केलेलीं मुलें पूर्वीं गणपतींत चार दिवस एकत्र जमत. आतां रोज रात्रीं एका ओसाड बेटावर जमूं लागलीं. हें कोणत्या आधारावर वाईट म्हणावें, तें आम्हांस समजेना.

पहिल्या पाटासाठीं तीन उमेदवार होते. चिरंजीवांचा कौल ए.डब्ल्यू.एम. ह्या ब्रिटिश बनावटीच्या लांब पल्ल्याच्या बंदुकीस. ती मूळ रचनेंत जमिनीवर सांपडत नसे. मध्येंच केव्हां तरी एक विमान येतें आणि लाल धूर सोडीत एक पेटी खालीं उतरते. त्या पेटींत नशीब असेल तर ही बंदूक, आणि तिच्याबरोबर तिच्या मोजक्या गोळ्या. त्या संपल्या कीं दुसरीकडे मिळावयाच्या नाहींत. तिची एक गोळी मस्तकीं लागली तर सर्वांत भक्कम शिरस्त्राणहि कामास येत नाहीं. त्या काळीं लांब पल्ल्याच्या दुसऱ्या कोणत्याहि बंदुकीस हें साधत नसे. बारा वर्षांच्या मुलास हीच बंदूक आवडावी हें वयास धरून आहे. परंतु तो लाल धूर कोसभर दिसतो आणि पेटीकडे धांवणाऱ्यांची वाट पाहात इतर लोक झुडुपांत टपून बसलेले असतात. चिरंजीव त्या पेटीपायीं किती वेळां मेले ह्याची गणती त्यांच्या भगिनींनीं ठेवली आहे. जी वस्तु एखाद्यासच मिळते तिला क्रमवारींत बसविणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. राजा पंगतीला आला तर पहिला पाट त्याचाच. पण म्हणून त्याचा पाट कोणी रोज मांडून ठेवीत नाहीं.

पुतणीचा पक्ष एम-४१६ चा. ही बंदूक प्रथम हातीं येते तेव्हां अगदीं सामान्य असते. मात्र तिला पांच जोड लागतात: नळीच्या तोंडावर एक, खालीं मूठ, मोठें मॅगझिन, मागें दस्ता आणि वर दुर्बीण. हीं उपकरणें एकेका घरांतून वेंचून आणावीं लागतात आणि जसजशीं तीं लागत जातात, तसतशी ती स्थिर होत जाते; धक्का कमी होतो, तीस गोळ्यांच्या चाळीस होतात, आणि जवळचें व मध्यम अंतरावरचें सारेंच तिच्या आटोक्यांत येतें. तिची प्रतिस्पर्धी ए.के.एम. ही रशियन बंदूक गोळीगणिक अधिक जबर. पण तिला मूठहि जोडतां येत नाहीं व दस्ताहि नाहीं. ती जशी जन्मली तशीच राहते, आणि चाप दाबून धरला कीं तिचें तोंड आकाशाकडे जातें. पुतणी म्हणे, "काका, ए.के.एम. चांगली आहे, पण ती आपलं ऐकत नाही." आम्हीं तिच्या बाजूनें मत दिलें. सांपडते सहज, शिकविल्यास शिकते आणि बहुतेक घटकांना पुरी पडते; पहिल्या पाटाला ह्याहून अधिक काय हवें? ए.के.एम.ला आम्हीं दुसरा पाट दिला, कारण हाताला कांहीं न मिळतांहि ती आपल्या बळावर लढते.

थोरल्या पुतण्याला मात्र हें मुळींच मान्य नव्हतें. त्याचें दैवत कार-९८-के. ही जुनी जर्मन रायफल. पांच गोळ्या, आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागें ओढून पुढें सारावयाचा. तोंवर दुसरी गोळी सुटत नाहीं. नेम चुकला तर शत्रु सावध होतो व तुम्ही हात चोळीत बसतां. नेम साधला तर मधल्या दर्जाचें शिरस्त्राण भेदून एकाच गोळींत काम होतें. तो म्हणे, दुसऱ्या बंदुका हात चालवितात, ही मनुष्याला विचार करावयास लावते. त्याचा आणखी एक मुद्दा भावनेचा होता. ही रायफल मूळ माउझर कारखान्याची, आणि माउझरचें गांव ओबर्नडॉर्फ हें नेकार नदीच्या कांठीं, श्टुटगार्टच्या दक्षिणेस. तो तेथून आगगाडीनें जाऊन येण्याजोग्या अंतरावर राहात होता.

पण ह्याच गांवानें त्याचा पक्ष अर्धा पाडला. पुतणीनें शोध करून दुसऱ्या रात्रीं जाहीर केलें कीं, खेळांत जिला एम-४१६ म्हणतात ती वास्तवांतली एच.के.-४१६ बंदूकहि त्याच ओबर्नडॉर्फची! हकीकत खरी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंचांनीं माउझरचा कारखाना मोडून नेला. त्यांतल्याच तीन अभियंत्यांनीं १९४९ सालीं त्याच गांवीं हेकलर आणि कोख ही संस्था काढली. ज्या फ्रान्सनें तो कारखाना उखडला, त्याच फ्रान्सनें २०१६ सालीं आपल्या सैन्यासाठीं ह्या नव्या संस्थेची ४१६ निवडली. एका लहानशा गांवानें १९३५ सालीं जर्मन सैन्याला कार-९८-के द्यावी आणि सत्तर वर्षांनीं तिचीच सवत जन्मास घालावी, ह्याचें आम्हांस मोठें आश्चर्य वाटलें. बहीण-भाऊ ज्या दोन बंदुकांसाठीं रात्र-रात्र भांडत होतीं, त्या दोघी एकाच माहेरच्या निघाल्या.

ह्या भांडणाच्या तिसऱ्या कीं चौथ्या रात्रीं थोरले बंधू पाणी पिण्याच्या निमित्तानें दिवाणखान्यांत आले व पुतणीच्या खुर्चीमागें उभे राहिले. त्यांनीं कॉलेजांत असतां एन.सी.सी.त तीन वर्षें काढलेलीं. बराच वेळ ते पडद्याकडे पाहात होते. मग म्हणाले, "हा पळतां पळतां बोल्ट ओढतो आहे. खऱ्या रायफलीनें हें करून पाहावें म्हणावें."

पुतणीनें फोनचा आवाज मोकळा केला. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "बाबा? तुम्ही आहांत तिथं?"

"आहें. आम्हांला थ्री-नॉट-थ्री असे. पांच गोळ्या झाडल्या कीं खांदा सुजे. तुझ्या बंदुकींत गोळ्या किती?"

"पांच."

"आमच्यांत दहा. जर्मनीची म्हणून प्रत्येक वस्तु श्रेष्ठ ठरत नाहीं."

"ईशापूरची म्हणूनहि नाहीं, बाबा," पलीकडून उत्तर आलें. आणि बंधू हंसले. आम्हीं वर्तमानपत्र खालीं ठेवलें नाहीं, परंतु त्यांतलें एक अक्षर वाचलें असेल तर शपथ.

त्या रात्रीं पुतण्या मारला गेला, कारण तो बापाशीं बोलत राहिला. दुसऱ्या दिवसापासून दहाच्या ठोक्याला बंधूंची खुर्ची पुतणीच्या शेजारीं येऊं लागली. त्यांच्या शंका संपत ना. ए.के.एम. व कार-९८ ह्या दोन्ही बंदुकांना खेळांत एकच ७.६२ ची गोळी कशी चालते? खरी कार-९८ तर ७.९२ मिलिमीटरची, आणि ए.के.एम.चें काडतूस लांडें! पुतण्यानें कबूल केलें कीं, ही खेळ रचणाऱ्यांनीं केलेली सोय आहे. नाहींतर मुलांना दहा तऱ्हेच्या गोळ्या वेंचीत बसावें लागलें असतें. बंधूंनीं ती सोय नाइलाजानें मान्य केली, परंतु कार-९८ च्या गुणांतून एक गुण वजा केला. तिचा तिसरा पाट ठरला तो असा.

चौथ्या पाटाची कथा निराळी आहे. खेळांत 'टॉमी गन' नांवाची एक जुनी अमेरिकन बंदूक आहे. जवळून बरी, लांबून निरुपयोगी, पुन्हां भरावयास वेळ लावणारी; मुलें ती केवळ दुसरें कांहीं मिळेपर्यंत वापरतात. तिचें नांव यादींत शेवटच्या ओळींत होतें. ती ओळ ऐकून बंधूंनीं विचारलें, "यशवंत घाडगे हें नांव तुम्हां कोणाला ठाऊक आहे काय?" चौघांपैकीं कोणासहि नव्हतें. आमचें आजोळ माणगांवाकडचें. तेथें घाडग्यांचा पुतळा आहे आणि लहानपणीं आम्ही त्याच्यावरून जात-येत असूं. पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्यांतले, म्हणजे आतांच्या रायगडांतले हे तरुण नाईक, पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणींत होते. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, त्यांच्या तुकडीवर अगदीं जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडींतले सर्वजण ठार वा जखमी झाले. घाडगे एकटे धांवून गेले. प्रथम हातबाँब टाकून त्यांनीं मशीनगन बंद पाडली. मग टॉमी गननें एकास पाडलें. उरलेले दोघे अंगावर होते आणि मॅगझिन बदलावयास वेळ नव्हता. तेव्हां त्यांनीं बंदूक नळीकडून धरून दस्त्यानें त्या दोघांस मारलें. नंतर शत्रूच्या लपलेल्या नेमबाजाची गोळी लागून ते पडले. वय पुरतें तेवीसहि नव्हतें. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

बंधूंनीं हें सांगितलें तें कांहीं चढवून नव्हे. पंचांगांतली तिथि सांगावी तसें. पलीकडे बंगलोर आणि श्टुटगार्ट दोन्ही गप्प होतीं. मग चिरंजीवांनीं विचारलें, "मग त्यांना कुणी उठवलं नाही?"

हा प्रश्न समजण्यासाठीं खेळांतला एक नियम सांगितला पाहिजे. चौघांच्या गटांत एखादा पडला तर तो लगेच मरत नाहीं. रांगत राहतो आणि हळूहळू त्याचा प्राण ओसरत जातो. तेवढ्यांत सोबत्यानें त्याच्याजवळ जाऊन दहा सेकंद बसलें, तर तो पुन्हां उठतो. चिरंजीव आजवर शेंकडों वेळां असे उठलेले होते. आम्हीं त्यास सांगितलें कीं, तेथें उठविणारा कोणी राहिला नव्हता. तो 'हं' म्हणाला. थोड्या वेळानें खेळ पुन्हां सुरू झाला, पण त्या रात्रीं लाल धुराच्या पेटीकडे कोणी गेलें नाहीं.

टॉमी गन चौथ्या पाटावर बसली. पुतणीनें हरकत घेतली, "काका, हा सरळ सरळ वशिला झाला." झालाच. वशिल्याचा एक तरी पाट नाहीं अशी पंगत आम्हीं अजून पाहिली नाहीं, आणि ह्या पाटाविषयीं आम्हांस कसलाहि संकोच वाटत नाहीं.

पांचव्यासाठीं दोन पक्ष आहेत. एक पक्ष मातोश्रींचा. ह्या खेळांत, वाचकांनीं विश्वास ठेवावा, स्वयंपाकघरांतला दांड्याचा तवाहि शस्त्र आहे. तो जवळून हाणतां येतो. आणि पाठीशीं लटकवून ठेवला तर मागून येणारी गोळी त्यावर आदळून टणत्कार होतो व मनुष्य वांचतो. चिलखतें झिजतात, शिरस्त्राणें फुटतात, तवा फुटत नाहीं. हें चिरंजीवांनीं आजीस सांगितलें तेव्हां तिनें एवढेंच विचारलें, "बीडाचा आहे का?" त्याला तें सांगतां आलें नाहीं. "बीडाचाच असणार," असा तिनें निर्णय दिला. सबंध यादींत तिला पटलेली ही एकच वस्तु. दुसरा पक्ष पुतणीचा. तिला तेथें धुराचा बाँब हवा आहे. तो कोणास मारीत नाहीं. पडलेल्या सोबत्याभोंवतीं धुराची भिंत उभी करावी आणि आंत बसून त्याला उठवावें, ह्यासाठींच तिच्या पिशवींत ते चार-पांच असत. जागा कमी पडली तर ती गोळ्या टाकी, पण ते टाकीत नसे. चौघांत सर्वांत चांगली खेळणारी तीच, हें इतर तिघे तिच्या माघारीं कबूल करतात.

२ सप्टेंबर २०२० रोजीं भारत सरकारनें आणखी ११७ उपयोजनांसह ह्या खेळाच्या मोबाइल-अवतारावर बंदी घातली. गलवानच्या चकमकीस तेव्हां तीन महिनेहि झाले नव्हते, आणि मोबाइलवरचा हा खेळ एका चिनी कंपनीकडून येत होता. ज्यांच्याकडे तो आधींच होता त्यांचा ३० ऑक्टोबरपर्यंत चालला, मग तोहि थांबला. त्या रात्रीं दहा वाजतां खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि पडदा कांहींच दाखवीना. पुढें जुलै २०२१ मध्यें कोरियन कंपनीनें भारतासाठीं निराळा अवतार आणला. तोहि जुलै २०२२ मध्यें दुकानांतून गेला व मे २०२३ मध्यें परत आला. परंतु हा अवतार भारतापुरताच आहे. बंगलोरचा भाचा त्यांत आहे, पुतणी आहे, चिरंजीव तर आहेतच. श्टुटगार्टच्या पुतण्याला त्यांत प्रवेश नाहीं. चौथ्या जागीं आतां कोणी अनोळखी मनुष्य येतो.

गेली नाहीं ती यादी. रविवारच्या फोनचे तीन प्रश्न अजून विचारले जातात, पण ते उरकले कीं बंधू खुर्ची ओढून बसतात आणि पाटांची फेरतपासणी सुरू होते. खेळांत वरचेवर नव्या बंदुका येतात, जुन्यांचे गुण कमी-जास्त केले जातात. पुतणी तें टिपून ठेवते व बंधू तें तिकडे कळवितात. त्यांच्या सुवाच्य अक्षरांत यादीच्या सहा आवृत्त्या झाल्या असून, पहिले चार पाट कायम आहेत. वहिनी म्हणतात, बाप-लेकांना बोलावयास दुसरा विषय नाहीं काय? आम्हांस वाटतें, असेल. तो विषय बंदुकांच्या आडून हळूहळू येतोहि आहे. मागच्या खेपेस कार-९८ च्या मधोमध कधीं नव्हे तें लग्नाचें नांव निघालें आणि दोघेहि लगबगीनें ए.के.एम.कडे वळले.

येत्या मे महिन्यांत बंधू व वहिनी प्रथमच श्टुटगार्टला जावयाचे आहेत. ओबर्नडॉर्फला शस्त्रांचें संग्रहालय आहे. तें पाहावयाच्या दिवसाभोंवतीं बंधूंनीं पेन्सिलीनें चौकट काढून ठेवली आहे, आणि बाकीचा सबंध महिना कोरा आहे. मातोश्रींनीं नातवासाठीं, त्याला तिकडे नीट आंबोळ्या करतां याव्यात म्हणून, आपला जुना बीडाचा तवा काढून ठेवला आहे. काल तो वजन करून पाहिला, तो पावणेतीन किलो भरला. चिरंजीवांचें म्हणणें कीं तो हातांतल्या बॅगेंत विमानांत मुळींच नेऊं देणार नाहींत, कारण तें शस्त्र आहे. तेव्हां तो मोठ्या पेटींत तळाशीं घालावयाचा ठरलें असून, त्याला जागा करण्यासाठीं वहिनींनीं चकलीच्या भाजणीची एक पिशवी बाहेर काढली आहे आणि मातोश्रींनीं ती दोनदां परत आंत ठेवली आहे.